विश्लेषण: एक्स्प्रेस वेवर तुमचा वेग मोजणारं घड्याळ मागे गेलं तर? 'किती वाजले' आणि 'किती वेळ झाला' यातला फरक

पनवेलजवळच्या कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग सुरू होतो आणि साडेचौऱ्याण्णव किलोमीटरवर किवळे इथे संपतो. या रस्त्यावरून नेहमी जाणाऱ्यांना एक युक्ती वर्षानुवर्षं माहीत होती. कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा, कॅमेरा मागे पडला की पुन्हा गाडी पळवायची.

जुलै २०२४ पासून ही युक्ती फारशी चालत नाही. महामार्गावर सुरू झालेल्या 'आयटीएमएस' म्हणजे इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीममध्ये सरासरी वेग मोजण्याची सोय आहे. गाडी एका कमानीखालून कधी गेली आणि पुढच्या कमानीखालून कधी गेली, हे कॅमेरे नंबर प्लेट वाचून टिपतात. मधलं अंतर ठरलेलं असतं. अंतराला वेळेने भागलं की सरासरी वेग निघतो. तो मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मोबाइलवर ई-चलन येतं.

शाळेत शिकलेलं हे गणित सोपं आहे. पण त्यातला 'वेळ' कुठून येतो? तो कॅमेऱ्याजवळच्या संगणकातल्या घड्याळातून येतो. आणि संगणकातलं घड्याळ अधूनमधून पुढे उडी मारतं, तर कधी चक्क मागेही जातं.

म्हणूनच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांमध्ये एक नियम सांगितला जातो: गेलेला वेळ मोजायचा असेल तर रोजचं घड्याळ वापरू नका, 'मोनोटॉनिक' घड्याळ वापरा. हे मोनोटॉनिक प्रकरण नेमकं काय आहे? तुमच्या फोनशी आणि तुमच्या चलनाशी त्याचा काय संबंध? समजून घेऊ.

दोन प्रश्न, दोन घड्याळं

'किती वाजले?' आणि 'किती वेळ झाला?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रोजच्या जगण्यात आपण एकाच घड्याळाकडे पाहून दोन्हींची उत्तरं देतो, त्यामुळे फरक जाणवत नाही.

आपल्याकडच्या जुन्या लग्नसोहळ्यांत हा फरक स्पष्ट दिसायचा. मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडलं जायचं. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. छिद्रातून पाणी आत येत राहायचं आणि २४ मिनिटांनी वाटी भरून बुडायची. ती झाली एक घटिका. अशा ६० घटिकांचा एक दिवस.

या वाटीला 'आत्ता किती वाजले' हे माहीत नसतं. एखाद्या क्षणापासून, समजा सूर्योदयापासून, किती घटिका भरल्या एवढंच तिच्यावरून कळतं. पण एक गोष्ट नक्की. वाटीतलं पाणी वाढतच जातं, ते आपोआप कमी होत नाही. गावातल्या कुणी आपलं घड्याळ पुढे केलं किंवा मागे केलं, तरी वाटीला त्याचा पत्ता नसतो.

मोनोटॉनिक घड्याळ हे संगणकातलं घटिकापात्र आहे. ते फक्त पुढे जातं. त्याच्यावरचा आकडा वाचून तारीख किंवा वेळ सांगता येत नाही. पण त्याचे दोन आकडे घेऊन वजाबाकी केली की मधे किती वेळ गेला ते कळतं आणि ते उत्तर कधीही उणे येत नाही.

फोनवरचं घड्याळ मागे का जातं?

फोनच्या पडद्यावर दिसणारी वेळ म्हणजे दुसऱ्या प्रकारचं घड्याळ. तंत्रज्ञ त्याला 'वॉल क्लॉक' म्हणतात, म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. जगाशी जुळलेलं राहणं हे त्याचं काम. जुळायचं म्हटलं की दुरुस्ती आली आणि दुरुस्ती आली की काटे हलवणं आलं. याची प्रमुख कारणं तीन आहेत.

पहिलं कारण स्फटिकाचं. बहुतेक उपकरणांत वेळ मोजण्यासाठी क्वार्ट्झचा छोटा स्फटिक असतो. मनगटी घड्याळातला असा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. पण कोणताच स्फटिक अगदी अचूक नसतो, तापमान बदललं तरी त्याची गती किंचित बदलते. दहा लाखांत २० इतका फरक सर्वसाधारण मानला जातो. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत तो सुमारे पावणेदोन सेकंद होतो. महिन्याभरात जवळपास ५२ सेकंद.

हा फरक घालवण्यासाठी संगणक इंटरनेटवरून अचूक वेळ विचारतात. त्या पद्धतीला नेटवर्क टाइम प्रोटोकॉल किंवा एनटीपी म्हणतात. फरक लहान असेल तर घड्याळाची गती किंचित कमी-जास्त करून तो हळूहळू भरून काढला जातो. फरक मोठा असेल तर घड्याळ एकदम नव्या वेळेवर नेलं जातं. आधी ते पुढे पळत असेल, तर या दुरुस्तीत ते मागे येतं.

दुसरं कारण माणूस. कुणीही सेटिंगमध्ये जाऊन वेळ बदलू शकतं. अनेक मोबाइल गेममध्ये 'लाइफ' संपल्या की अर्धा तास थांबावं लागतं. तेव्हा फोनची तारीख पुढे करून लगेच लाइफ मिळवण्याची युक्ती तुम्ही पाहिली असेल, कदाचित वापरलीही असेल. ती चालते, कारण तो गेम 'किती वेळ झाला' हे पडद्यावरच्या घड्याळाला विचारतो. गेममध्ये हे चालून जाईल. पण हीच चूक बँकेच्या ओटीपीच्या मुदतीत किंवा टॅक्सीच्या अॅपमधल्या वेटिंगच्या हिशोबात झाली तर पैशांचा प्रश्न येतो.

तिसरं कारण सरकारी आणि आंतरराष्ट्रीय निर्णय. आपल्याला याचा जुना अनुभव आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशात भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती तेव्हाच्या मुंबई वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. मुंबईत तिला मोठा विरोध झाला आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं शहरात मुंबई वेळ वापरात होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, देशातली घड्याळं एक तास पुढे ठेवली गेली. घड्याळ असं बदललं म्हणून कुणाचं आयुष्य तासाभराने वाढलं नाही की कमी झालं नाही. बदलला तो फक्त तबकडीवरचा आकडा.

लीप सेकंद: एका सेकंदाने केलेला घोळ

पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं अणुघड्याळांइतकं नियमित नाही. त्यामुळे दोन्हींचा मेळ घालण्यासाठी १९७२ पासून जागतिक वेळेत आतापर्यंत २७ वेळा एकेक सेकंद जादा घालण्यात आला. त्याला लीप सेकंद म्हणतात. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ च्या मध्यरात्री जागतिक वेळेनुसार घालण्यात आला. भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती. प्रमाणवेळेनुसार पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर थेट साडेपाच न होता मधे एक जादा सेकंद मोजला गेला.

अनेक संगणकांना मिनिटाचा ६१ वा सेकंद दाखवता येत नाही. ते तोच सेकंद पुन्हा मोजतात, म्हणजे एका सेकंदाने मागे जातात. त्या पहाटे क्लाउडफ्लेअर या कंपनीला याचाच फटका बसला. जगभरातल्या असंख्य वेबसाइटची वाहतूक ही कंपनी हाताळते. तिच्या एका प्रणालीत एखाद्या सर्व्हरने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, हे दोन वेळांच्या वजाबाकीतून काढलं जात होतं. घड्याळ मागे गेल्यामुळे काही वजाबाक्या उणे आल्या. वेळ उणे असू शकतो, असा विचार प्रोग्राम लिहिताना झालेलाच नव्हता. प्रोग्राम बंद पडला आणि काही वेबसाइटचे पत्ते सापडेनासे झाले. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार, सर्वाधिक त्रासाच्या वेळी सुमारे ०.२ टक्के विनंत्यांवर परिणाम झाला होता. टक्का छोटा असला, तरी एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत त्याचा अर्थ असंख्य लोकांना अडचण असा होतो.

तो प्रोग्राम 'गो' या भाषेत लिहिलेला होता. त्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या 'गो'च्या १.९ आवृत्तीत प्रत्येक वेळेसोबत मोनोटॉनिक घड्याळाचा आकडाही आपोआप साठवण्याची सोय करण्यात आली. म्हणजे प्रोग्राम लिहिणारा विसरला, तरी वजाबाकी योग्य घड्याळावर व्हावी.

लीप सेकंदाचा त्रास एवढा वाढला की नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत ही पद्धत बदलण्याचा निर्णय घेतला.

मोनोटॉनिक घड्याळ कसं चालतं?

हे घड्याळ साधारणपणे उपकरण सुरू झाल्यापासून किती वेळ गेला ते मोजतं. फोन रीस्टार्ट केला की ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं. तारीख बदलली, टाइम झोन बदलला, एनटीपीने वेळ मागे नेली, तरी त्याच्यात उडी येत नाही.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी ते बहुतेक भाषांमध्ये तयारच आहे. पायथनमध्ये 'टाइम डॉट मोनोटॉनिक' २०१२ सालच्या ३.३ आवृत्तीपासून आहे. जावामध्ये 'सिस्टम डॉट नॅनोटाइम' आहे. वेब ब्राउझरमध्ये 'डेट डॉट नाऊ' ऐवजी 'परफॉर्मन्स डॉट नाऊ' वापरता येतं.

यातही एक मेख आहे. फोन खिशात ठेवला की तो झोपी जातो. तेव्हा झोपेतला वेळ मोजायचा की नाही? अँड्रॉइडमध्ये यासाठी दोन वेगळी घड्याळं आहेत. 'अपटाइम' नावाचं घड्याळ गाढ झोपेत थांबतं, तर 'इलॅप्स्ड रिअलटाइम' झोपेतही चालू राहतं. दहा मिनिटांचा गजर लावणाऱ्या अॅपने चुकीचं घड्याळ निवडलं, तर गजर दहा मिनिटांनी वाजेलच याची खात्री नाही.

मग एक्स्प्रेस वेवर मोनोटॉनिक घड्याळ पुरेसं आहे का?

एकाच यंत्राने वेग मोजायचा असेल, तर हो. समजा एकाच खांबावरच्या यंत्राने रस्त्यावरच्या दोन रेषांमधला वेळ मोजला. दोन्ही नोंदी एकाच यंत्राच्या असल्यामुळे मोनोटॉनिक घड्याळ अगदी योग्य ठरेल.

पण सरासरी वेग मोजताना पहिली नोंद एका कमानीवरची असते आणि दुसरी काही किलोमीटर पुढच्या कमानीवरची. दोन्हीकडची यंत्रं वेगळी. एक यंत्र नऊ दिवसांपूर्वी सुरू झालेलं असेल, दुसरं वीज गेल्यामुळे आज सकाळी रीस्टार्ट झालेलं असेल. पहिल्याचं मोनोटॉनिक घड्याळ काही लाख सेकंद दाखवेल, दुसऱ्याचं काही हजार. त्यांची वजाबाकी करण्याला काहीच अर्थ नाही. दोन गावांतल्या घटिकापात्रांतलं पाणी एकमेकांतून वजा करण्यासारखं ते होईल.

इथे पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडेच यावं लागतं. पण एका अटीवर: दोन्ही ठिकाणची घड्याळं एकमेकांशी पक्की जुळलेली हवीत.

न जुळल्यास काय होतं ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. सपाट भागात कारसाठी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. समजा, तुम्ही ताशी ९५ ने गाडी चालवत आहात आणि दोन कमानींमध्ये ३ किलोमीटर अंतर आहे. हे अंतर कापायला तुम्हाला सुमारे ११३.७ सेकंद लागतील. आता समजा, दुसऱ्या कमानीचं घड्याळ १० सेकंद मागे आहे. तिथली नोंद लवकरची दिसेल, वजाबाकी १०३.७ सेकंद येईल आणि तुमचा वेग निघेल ताशी १०४. मर्यादेत चालवूनही तुम्ही नियम मोडणारे ठरलात.

घड्याळ १० सेकंद पुढे असेल तर उलटं होईल. ताशी १०५ ने जाणाराही मर्यादेत दिसेल आणि सुटेल.

अंतर वाढलं की ही चूक पातळ होते. तीच १० सेकंदांची चूक १० किलोमीटरच्या टप्प्यात झाली, तर ताशी ९५ चे साधारण ताशी ९७.६ दिसतील, म्हणजे मर्यादेच्या आतच. आणि घड्याळं एकमेकांशी एक दशांश सेकंदापर्यंत जुळलेली असतील, तर १० किलोमीटरवर ताशी १०० च्या वेगात फक्त ०.०३ चा फरक पडतो. म्हणजे पद्धतीत दोष नाही. उपग्रहावरून वेळ घेणारे रिसीव्हर तर याहून कितीतरी अचूक असतात. सरासरी वेगाची पद्धत मुळात न्याय्यही आहे, कारण क्षणभर पाय जड झाला म्हणून ती कुणाला पकडत नाही. तिचा सगळा भार मात्र घड्याळं जुळलेली असण्यावर आहे.

'एक देश, एक वेळ' कशासाठी?

गेल्या काही वर्षांतले सरकारी निर्णय या नजरेने पाहिले तर त्यांचा अर्थ लागतो.

२८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला. सेवा पुरवणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपली घड्याळं राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवावीत, असं त्यात म्हटलं होतं. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी याच प्रयोगशाळेची आहे. त्यासाठी तिथे अणुघड्याळं आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने प्रमाणवेळेबाबतच्या वैधमापन नियमांचा मसुदा जाहीर केला. कायदेशीर, प्रशासकीय आणि व्यापारी कामांत भारतीय प्रमाणवेळच वापरावी, असा त्याचा गाभा आहे. त्याच्या जोडीला अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी इथल्या पाच प्रयोगशाळांतून अचूक वेळ पुरवण्याची योजना आहे. किराणा दुकानातलं वजन जसं सरकारी शिक्क्याचं असतं, तसंच वेळेचं माप असावं, हा त्यामागचा विचार.

वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांसाठीही १ जुलै २०२५ पासून वैधमापन विभागाची पडताळणी आणि शिक्का आवश्यक करण्यात आला आहे. रडार परत आलेल्या लहरींवरून थेट वेग काढतं, त्याला दोन ठिकाणच्या घड्याळांची गरज नसते. पण यातलं तत्त्व महत्त्वाचं आहे. ज्या यंत्राच्या आकड्यावरून दंड होतो, ते यंत्र कुणीतरी तपासलेलं असायला हवं.

मात्र 'एक देश, एक वेळ' हे 'किती वाजले' या प्रश्नाचं उत्तर आहे. देशातली सगळी घड्याळं उद्या अगदी जुळली, तरी एकाच फोनमध्ये किंवा एकाच सर्व्हरमध्ये 'किती वेळ झाला' हे मोजताना मोनोटॉनिक घड्याळच लागेल. कारण जुळवण्यासाठी घड्याळ हलवावं लागतं आणि ते हललं की त्या क्षणी चाललेली मोजणी बिघडते.

चलन आलं तर काय पाहाल?

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६-अ आणलं आणि इलेक्ट्रॉनिक देखरेखीला कायद्याचा आधार मिळाला. त्यानंतर ११ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्राने नियम १६७-अ जाहीर केला. त्यानुसार अशा यंत्रांना मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. चलनासोबत नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने केलेलं मोजमाप, तारीख, वेळ आणि ठिकाण, कोणतं कलम मोडलं ते आणि संगणकीय पुराव्याचं प्रमाणपत्र असावं, असं या नियमात म्हटलं होतं.

त्यामुळे वेगाचं चलन आलं तर नुसता दंडाचा आकडा पाहून थांबू नका. वेग एका ठिकाणी मोजलेला आहे की दोन ठिकाणांमधला सरासरी आहे, ते बघा. सरासरी असेल तर दोन्ही नोंदींच्या वेळा आणि मधलं अंतर मागता येईल. ते मिळालं की भागाकार तुम्ही फोनच्या कॅल्क्युलेटरवरही करू शकता. तुमच्याकडे त्याच प्रवासाची फास्टॅगची नोंद किंवा नकाशाच्या अॅपमधली टाइमलाइन असेल तर ती ताडून पाहा. तफावत वाटली तर राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर आणि अॅपवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तक्रार करताना 'दोन्ही ठिकाणची घड्याळं त्या वेळी कशाशी जुळवलेली होती?' हा प्रश्न जरूर विचारा.

बहुतेक वेळा उत्तर हेच निघेल की घड्याळ बरोबर होतं आणि आपणच जोरात होतो. तसं असेल तर दंड भरावा, आणि पुढच्या वेळी पाय जरा हलका ठेवावा. पण जिथे यंत्राच्या एका वजाबाकीवरून माणसाच्या खिशातून पैसे जातात, तिथे ती वजाबाकी कोणत्या घड्याळावर झाली हे विचारण्याचा हक्क त्या माणसाला असायलाच हवा.